स्टडी टूर: जॅकेट नंतर घ्या, आधी पासबुक उघडा

कॉलेजच्या ग्रुपवर परदेशी टूरची नोटीस पडली की सगळे जॅकेट आणि ट्रॉली बॅग बघायला लागतात. ते शेवटच्या आठवड्यात दादरलाही मिळतं. तुमच्या घरचं उत्पन्न पगाराचं नसेल, दुकान, रिक्षा, पोळी-भाजी केंद्र, क्लासेस असं काही असेल, तर आजच आई-बाबांचं बँक स्टेटमेंट काढून वाचा. पगारदार घरातल्या मुलांनी पुढचे काही परिच्छेद सोडले तरी चालेल.

मी आर्किटेक्चरची. आमची टूर जर्मनीची, मुक्काम मुख्यतः स्टुटगार्टला. हे शहर १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, म्हणून निवडलं असं सर सांगायचे. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचे, नियम तुम्हाला माहीत असतीलच: फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण १५ दिवस, पण ४५पर्यंत लांबू शकतो. हा ४५चा आकडा कुणी मनावर घेत नाही. घ्या.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे पैसे होते, फक्त बँकेत नव्हते. बाबांचं फोटो फ्रेमचं दुकान. आलेला पैसा काच आणि लाकडात जातो, खात्यात महिनाअखेरीला जेमतेम शिल्लक. बचत म्हणाल तर आईची भिशी, पतपेढीतली ठेव आणि एलआयसी. व्हिसा एजंट म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका, अर्जाच्या आठवडाभर आधी चार लाख खात्यात टाका, स्टेटमेंट काढा, मग ज्याचे त्याला परत द्या." सगळे असंच करतात, हेही वर. मग भिशी उचलली, मामांनी दोन लाख दिले, पतपेढीतली ठेव मोडली आणि सगळं बाबांच्या खात्यात गेलं.

त्या स्टेटमेंटकडे अनोळखी माणसाच्या नजरेने बघा. कित्येक महिने खात्यात सात-आठ हजार, आणि शेवटच्या पानावर अचानक चार लाख. तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाणार. शिल्लक किती, एवढाच त्याचा प्रश्न नसतो. हे पैसे खरंच या घरचे आहेत का, दरमहा काही येतं का, टूरच्या खर्चानंतरही घर चालणार आहे का, हेही त्याला बघायचं असतं. आम्हाला पैशांचा स्रोत दाखवा म्हणून जादा कागद मागितले गेले. तोवर मामांचे पैसे परत देऊन झाले होते. पासपोर्ट तिकडे, तिकीट काढलेलं, आणि भिशीचा पुरावा म्हणजे शेजारच्या काकूंची वही. ती वही कुठल्या काउंटरवर ठेवणार?

शेवटी उपयोगी पडले ते साधे कागद. पतपेढीने लेटरहेडवर ठेव मोडल्याचं पत्र दिलं, त्यात तारीख आणि रक्कम होती, आणि तीच रक्कम स्टेटमेंटवर दिसत होती. बाबांची तीन वर्षांची आयटी रिटर्न्स, दुकानाचं गुमास्ता लायसन्स. मामांची पगाराची स्लिप, त्यांचं स्वतःचं स्टेटमेंट आणि भाचीच्या खर्चासाठी पैसे दिले होते असं सहीचं पत्र. या सगळ्यावर एक पानाचं कव्हर लेटर, ज्यात प्रत्येक मोठी एंट्री कुठून आली ते एकेका ओळीत. व्हिसा आला, निघायच्या अगदी तोंडावर. आईने त्या दिवसांत घरात कुणाशी धड बोलणं केलं नाही.

म्हणून सांगते, सहा महिने आधीपासून दुकानाचा गल्ला नियमित बँकेत भरा, रक्कम छोटी असली तरी. भिशी लागली तर त्याच आठवड्यात भरून टाका, अर्जाच्या तोंडावर नको. नातेवाईक मदत करणार असतील तर त्यांचे पैसे बाबांच्या खात्यातून फिरवू नका, त्यांनाच रीतसर स्पॉन्सर बनवा, त्यांच्या स्वतःच्या कागदांसकट आणि नात्याच्या पुराव्यासकट. ठेव मोडाल तर पावती जपा. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठा रोख भरणा टाळा. आणि स्टेटमेंट काढलं म्हणून खातं रिकामं करू नका, पासपोर्ट हातात येईपर्यंत पैसे तिथेच राहू द्या.

"स्टेटमेंट सेट करून देतो" असं म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठा. व्हिसा नाकारल्याची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षं राहते. एका टूरपायी पुढच्या मास्टर्सची वाट अवघड करायची का, ते तुम्हीच ठरवा. एजंटबद्दल माझं मत आता बदलणार नाही: फॉर्म भरायला आणि अपॉइंटमेंट घ्यायला ठीक, घरच्या पैशांबद्दल सल्ला द्यायला नाही. तो सल्ला सीएकडून घ्या किंवा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या सीनियरकडून. पण घाबरू नका. दुकानदाराच्या मुलीला व्हिसा मिळत नाही असं काही नाही. हिशोब कागदावर दिसला पाहिजे, इतकंच.

बाकी छोट्या गोष्टी. मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम. निमंत्रणपत्र, इन्शुरन्स, तिकीट सगळं पासपोर्टप्रमाणे करून घ्या आणि कॉलेजकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र घ्या. परदेशी टूरच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. रिटर्न भरणाऱ्याच्या पॅनवर पैसे भरले तर तो पुढे वळता होतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच ब्रेड घेऊन ठेवा.

तिकडे गेल्यावर काय? टूरमध्ये दिवसाला तीन-चार इमारती दाखवतात आणि संध्याकाळी त्यातली एकही नीट आठवत नाही. मी एकीवरच अडून बसले. वाइसेनहोफ ही स्टुटगार्टमधली १९२७ सालची वसाहत, आर्किटेक्ट मीस व्हॅन डेर रोह यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली. तिथली आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांची दोन घरं २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि त्याच नोंदीत चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्सही आहे. यांपैकी जोडघरात आता संग्रहालय आहे. आत रात्रीचे पलंग दिवसा काँक्रीटच्या कपाटात सरकवायचे, आणि पॅसेज इतका अरुंद की ट्रेनच्या स्लीपरमधून चालल्यासारखं वाटतं. ग्रुपमधली मुलं फोटो काढून बाहेर पडली. मी मात्र माझ्या लालबागच्या मावशीच्या खोलीचा विचार करत होते, जिथे गाद्या सकाळी माळ्यावर जातात आणि त्याच जागेत दुपारी जेवणाची पंगत बसते. त्या पॅसेजचं माप घेऊन ठेवलं, परत आल्यावर मावशीच्या खोलीचंही घेतलं, आणि माझा थीसिस तिथून सुरू झाला. तुम्हीही निघण्याआधी आपल्या मुंबईतला एखादा प्रश्न मनात घेऊन जा. गाइडच्या मागे धावून हाती फार काही लागत नाही. आणि सोबत येणारे सर-मॅडम स्वतः स्केचबुक उघडतात का ते बघा. उघडत असतील तर त्यांच्याजवळ रहा, नाहीतर सरळ मागच्या रांगेत.

क्रेडिटच्या नावाखाली फसू नका. युरोपातलं एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. दहा दिवसांत पाच-सहा क्रेडिट देतो असं कुणी म्हणत असेल तर तासांचा हिशोब मागा, आणि तिकडचं विद्यापीठ ट्रान्सक्रिप्ट देणार की फक्त सर्टिफिकेट, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. सर्टिफिकेटने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे आपले क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्यात, काही जमा होत नाही.

घरची ठेव मोडल्याशिवाय जाताच येत नसेल, तर मी स्पष्ट सांगते, या वर्षी थांबा. डाड (DAAD) ही शैक्षणिक देवाणघेवाणीची जर्मन संस्था परदेशी विद्यार्थ्यांच्या गटांना अभ्यासदौऱ्यासाठी अर्थसाहाय्य देत आली आहे: एक प्राध्यापक आणि सोबत जास्तीत जास्त पंधरा मुलं. अर्ज मात्र विद्यार्थ्याला करता येत नाही, तो प्राध्यापकांनी करायचा आणि कार्यक्रमही त्यांनीच आखायचा. म्हणून बऱ्याच कॉलेजांत त्याचं नावही निघत नाही. तुमच्या विभागात असा उत्साह कुणात आहे ते शोधा आणि सेमिस्टरच्या सुरुवातीलाच, चारपाच जण मिळून, त्यांच्या केबिनमध्ये जा.