ईएसपी३२ वर कोड टाकायला बसण्याआधी

सबमिशनच्या आदल्या रात्री ईएसपी३२ (प्रोजेक्टमध्ये वापरतात तो कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) घेऊन बसलेल्या पोरांचे "बोर्ड गेला" म्हणून फोन येतात आणि मी बघितलेल्या बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो, म्हणून सांगतोय, ही तयारी दोन दिवस आधीच करून ठेवा.

सगळ्यात आधी केबल. बऱ्याच स्वस्त चार्जिंग केबलमध्ये नुसत्या पॉवरच्या दोन वायरी असतात, डेटाच्या नसतातच, त्यामुळे बोर्डवरचा लाल एलईडी छान पेटतो आणि लॅपटॉपला मात्र काही दिसत नाही. ज्या केबलने फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेता येतात तीच घ्या, तिला रंगीत टेप गुंडाळा आणि ती चार्जिंगला कुणालाही देऊ नका.

मग यूएसबी सॉकेटजवळची छोटी काळी चिप बघा, मोबाईलचा कॅमेरा झूम केला की नाव वाचता येतं, सीपी२१०२ किंवा सीएच३४० असेल बहुतेक, त्याच चिपचा ड्रायव्हर घरूनच टाकून या, कॉलेजच्या नेटच्या भरवशावर राहू नका. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून केबल काढा आणि परत लावा, जो कॉम नंबर (पोर्टचं नाव) जाऊन परत येतो तो आपला. उबुंटूवाल्यांनी आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेला ग्रुप) टाकून लॉगआउट करायचं.

आता खरी डोकेदुखी. कोड टाकताना लॅपटॉपवर "कनेक्टिंग" च्या पुढे ठिपके पडत राहतात आणि शेवटी राँग बूट मोडचा एरर येतो. होतं काय, रिसेट होताना शून्य नंबरची पिन (जीपीआयओ ०) लो, म्हणजे शून्य व्होल्टला असेल तरच ही चिप नवीन कोड घ्यायला तयार होते, नाहीतर सरळ जुनाच कोड चालवायला लागते. हे काम बोर्ड स्वतः यूएसबी चिपच्या डीटीआर आणि आरटीएस या कंट्रोल लाइनवरून करतो पण काही बोर्डांचं टायमिंग जमत नाही, मग ठिपके सुरू झाले की बूट बटण दाबून धरा आणि टक्के दिसायला लागले की सोडा. दरवेळी असं करायला लागत असेल तर १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर किटमध्ये ठेवा, प्लस पाय ईएनला (रिसेटची पिन), मायनस ग्राउंडला.

आणि कोड टाकताना बोर्ड मोकळा ठेवा, प्लीज. माझ्या रिलेची (कोडने चालू-बंद होणारा स्विच) इनपुट वायर १२ नंबरला होती, रिले मॉड्यूल ती पिन हाय, म्हणजे वरच्या व्होल्टेजला ओढायचं, आणि बूटच्या वेळी १२ हाय असली की चिप फ्लॅशला (कोड साठवणारी मेमरी) ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते, म्हणजे कनेक्ट व्हायचं पण लिहिताना फेल. यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, नवीन बोर्डही आणला, आणि तोही तसाच वागला तेव्हा कुठे वायर काढून बघितली. दोन नंबरची पिनही तशीच, कोड टाकताना ती हाय नको. १ आणि ३ वर तर सिरियलच, म्हणजे लॅपटॉपशी बोलणंच चालतं, तिथे जीपीएस वगैरे लावूच नका.

बाकी किरकोळ: पोर्ट धरून बसलेला दुसरा सिरियल मॉनिटर (बोर्डचे मेसेज दाखवणारी विंडो) बंद करा, मध्येच तुटत असेल तर अपलोड स्पीड ९२१६०० वरून ११५२०० करा, यूएसबी हब नको, थेट लॅपटॉपला लावा.

आणि शेवटी "हार्ड रिसेटिंग" अशी ओळ येऊन सगळं थांबलं तर घाबरू नका, कोड बोर्डवर पोचलेला असतो, एकदा ईएन बटण दाबा आणि चालू होतोय का बघा.