इ.स. ६३४ : साल एकच, बेरीज दहा जणांची दहा

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुटी देवळावरचा, कवी रविकीर्तीने रचलेला शिलालेख आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो, निदान चालुक्य राजा पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला हरवलं म्हणून तरी. त्यात काळ दोनदा दिलाय : भारतयुद्धापासून ३७३५ वर्षं आणि शक राजांची ५५६ वर्षं ‘समतीतासु’, म्हणजे उलटून गेलेली. हा एक शब्द वाचायचा सोडून लोक शकाचं इ.स. करायला थेट ७८ च्या बेरजेला बसतात.

एका प्रदर्शनाचे फलक आम्ही चौघांनी वाटून घेतले होते. माझ्या फलकावर ६३४, शेजारच्यावर ६३३. त्या गड्याने ५५६ हे चालू वर्ष धरलं होतं. उद्घाटनाला एक आजोबा दोन्ही फलक नीट वाचून म्हणाले, “कोरायला वर्ष लागलं वाटतं?” त्या रात्री डिंक घेऊन पट्ट्या चिकटवल्या. तेव्हापासून मी वहीत आधी ‘५५६ गत’ लिहितो, मगच ७८ मिळवतो. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं काही असेल तर ७९. रविकीर्तीने महिना-तिथी दिलेली नाही, म्हणून ६३४-३५ असंच लिहायचं. उगाच एक आकडा छाटू नका.

दुसरी डोकेदुखी हिजरीची, म्हणजे ६२२ पासून मोजल्या जाणाऱ्या मुस्लिम सनाची. “६३४ वजा ६२२, झाले १२!” अरे, ते वर्ष ३५४-५५ दिवसांचं, त्यात अधिक मास नाही. आपल्या ३२ वर्षांत त्यांची जवळपास ३३ होतात. हिजरी १३ लागलं ७ मार्च ६३४ ला. खलिफा अबू बक्र ऑगस्टमध्ये वारले ते १३ सालीच. शिवाय तेव्हा १३ हा आकडा कुणी लिहीतच नव्हतं. ही गणना खलिफा उमर यांनी नंतर ठरवली. मोबाइलवर तारीख बदलून घेणाऱ्यांना तर कधी १० मार्च मिळतो, कारण ते यंत्र गुपचूप ग्रेगोरियन, म्हणजे आजचं कॅलेंडर मोजतं. वरची ७ मार्च ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, आणि त्या शतकात दोन्हींत फरक ३ दिवसांचा. मी दोन्ही तारखा लिहून ठेवतो, वेळ लागला तर लागला.

त्याच ६३४ साली बायझंटाइन साम्राज्याचा, जगाच्या निर्मितीपासून मोजलेला सन : ऑगस्टअखेर ६१४२, १ सप्टेंबरपासून ६१४३.

चीनमध्ये थांग सम्राट ताईझोंगच्या ‘झेनग्वान’ या राजवट-सनाचं ८ वं वर्ष. ते चांद्र पंचांगाचं, ३१ डिसेंबरला संपवू नका.

आणि १९५७ साली लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका, २२ मार्चच्या चैत्रासकट, पुलकेशीच्या दरबारात नेऊन टांगणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.