शहर ऐकून काम करायचे तर: पुण्यातील नव्या ध्वनिकलावंतांसाठी

ध्वनिकलेकडे, म्हणजे भोवतालचे आवाज मुद्रित करून त्यांतून रचना करण्याकडे, वळणारे बहुतेक जण आधी कोणता रेकॉर्डर घ्यावा, हे विचारतात. माझ्या मते त्याआधी जागा ठरवावी. घरापासून पायी किंवा पीएमपीच्या एका बसने गाठता येईल अशी जागा निवडावी आणि तिथे वेगवेगळ्या ऋतूंत, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वारंवार जावे. एका फेरीत मिळते ते फक्त त्या दिवसाचे ध्वनिमुद्रण असते. ती जागा कशी बोलते हे कळायला वर्ष जावे लागते. पहिल्या काही फेऱ्यांत यंत्र नेऊच नये. एका ठिकाणी वीस मिनिटे उभे राहून ऐकावे आणि अखंड चालणारा आवाज कोणता, अधूनमधून येणारा कोणता आणि कोणता आवाज दुसऱ्याला झाकून टाकतो, हे नोंदवहीत लिहावे. यांतली शेवटची नोंद सर्वाधिक उपयोगी पडते, कारण झाकणारा आवाज केव्हा थांबतो हे ठाऊक असले की मुद्रणाची वेळ आपोआप ठरते.

पुण्यात अशी एक वेळ गुरुवारी मिळू शकते. देखभालीच्या कामांसाठी शहराच्या काही भागांत बऱ्याचदा गुरुवारी वीजपुरवठा काही तास बंद ठेवला जातो. त्या काळात पेठांमधल्या अरुंद बोळांत पाण्याचे पंप, फ्रीज, पंखे आणि ट्यूबलाइट यांची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) आणि तिच्या पटींतली गुणगुण थांबते, आणि एरवी तिच्याखाली दबलेले जिन्यावरचे पाऊल, मोरीत आपटलेले पातेले किंवा दोन घरांपलीकडचा तानपुरा हे सारे सुटे सुटे ऐकू येते. आपल्या भागातल्या वीजबंदीची सूचना वाचून आदल्या दिवशी बॅटऱ्या भरून ठेवाव्यात. शेजारच्या इमारतीत जनरेटर आहे का, तेही पाहून ठेवावे.

वेताळ टेकडीवर जायचे असेल तर उजाडण्यापूर्वी पोहोचावे. वाहतुकीची घरघर कमी कंप्रतेची, म्हणजे खोल स्वराची असते आणि ती दूरवर पसरते, त्यामुळे टेकडीवरही ती पूर्ण टळत नाही. रेकॉर्डरवरचा लो-कट फिल्टर (खोल स्वर गाळणारी सोय) ८० हर्ट्झच्या आसपास लावला की मोर आणि टिटवी यांचे आवाज बरेच मोकळे होतात. जुन्या दगडखाणीच्या काठी एकदा टाळी वाजवून पाहावी. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून टाळीचा पडसाद ०.२ सेकंदांनी परतला तर समोरची भिंत साधारण ३४ मीटरांवर आहे असे समजावे. या पडसादाचे मुद्रण पुढे संगणकावर दुसऱ्या आवाजाला त्या खाणीचा घुमारा देण्यासाठी वापरता येते. त्यासाठी फुगे फोडण्याची पद्धत आहे, परंतु पक्ष्यांच्या विणीच्या काळात ती टाळावी.

पालखीच्या दिवसांत मात्र आपण हलू नये. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्कामाला असते. मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या ओळखीच्या घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी मागून घ्यावी, माईक कठड्यावर पक्का बसवावा आणि तास-दीड तास त्याला हात लावू नये. एक दिंडी समोरून जात असताना तिच्या टाळांवर मागून येणाऱ्या दिंडीचा वेगळा ताल चढत जातो आणि मधल्या काही क्षणांत दोन्ही लयी एकमेकींत मिसळतात. चालत चालत केलेल्या मुद्रणात हा संधिकाल हाती लागत नाही, कारण आपण कुठल्या तरी एकाच दिंडीबरोबर पुढे जात राहतो.

गणेशोत्सवाचे मुद्रण करायचे असेल, तर विसर्जनाच्या दिवसाची वाट न पाहता आधीच्या आठवड्यांत नदीपात्रालगत चालणारे ढोल-ताशा पथकांचे सराव ऐकावेत. तिथे अंतर आपल्या हातात असते. पथकाजवळ ताशाची कडकड कानाला टोचते. पलीकडच्या काठावर तीच विरळ होते आणि ढोलाचा ठोका तेवढा भरीव राहतो. साधारण १७० मीटरांवर टिपरू पडलेले दिसते आणि ठोका अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. ही तीन-चार अंतरे एकाच संध्याकाळी मुद्रित करून एकामागोमाग लावली, तर वेगळी प्रक्रिया न करता अर्धी रचना तयार होते. लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीत कानांत इअरप्लग हवेतच. ३२-बिट फ्लोट (अगदी हलके ते फार मोठे आवाज सामावणारे) मुद्रण करणाऱ्या रेकॉर्डरमध्ये फाइलची पातळी नंतर सावरता येते, पण माईकची स्वतःची सहनशक्ती ओलांडली गेली असेल तर तो आवाज कशानेही दुरुस्त होत नाही, हे ध्यानात ठेवून आवाजाचा जास्त दाब सोसणारा माईक न्यावा.

आता ज्या जागेबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, ती कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईच्या काळात इथे वसलेल्या तांबट कारागिरांच्या वंशजांपैकी काही घरे आजही बंब, घंगाळ, हंडे घडवतात. तिथे माईक घेऊन थेट शिरू नये. आधी एखादी वस्तू विकत घ्यावी किंवा निदान काम पाहू का, असे विचारावे, आणि पहिल्या भेटीत केवळ पाहावे. दुसऱ्या भेटीत आपण काय करतो हे साध्या शब्दांत सांगावे: आवाज मुद्रित करणार, त्यातून एक रचना करणार, ती अमुक ठिकाणी ऐकवणार, आणि त्याचे पैसे मिळाले तर तुमचा वाटा इतका. दादा, काकी असे बोलणे सुरू झाले म्हणजे परवानगी मिळालीच, असे समजू नये. होकार स्पष्ट शब्दांत घ्यावा. कामाच्या वेळेत कारागिराला तेच ठोके पुन्हा मारायला सांगू नयेत, कारण प्रत्येक ठोक्याची जागा ठरलेली असते आणि मठारकामात, म्हणजे भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देण्याच्या कामात, एक जादा ठोकाही भांड्यावर दिसतो.

तिथे काय ऐकायचे? ठोके बसत जातात तसतसे तांबे कडक होत जाते आणि त्याचा नाद बदलतो. भट्टीत तापवले की ते पुन्हा नरम होते आणि आवाज बोदा येतो. पत्र्यापासून घंगाळापर्यंतचा हा प्रवास कानांनी पूर्ण समजतो, पण त्यासाठी एकाच भांड्याचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुद्रण हवे. आळीत अनेक हातोडे एका वेळी चालत असल्याने साध्या माईकमध्ये सगळे एकत्र येतात. एका भांड्याचा आवाज वेगळा काढायचा तर काँटॅक्ट माईक लागतो. तो हवेतला आवाज जवळजवळ घेत नाही; ज्या वस्तूला चिकटवू तिची कंपने घेतो.

हा माईक घरी करता येतो आणि प्रत्येकाने एकदा तरी करावाच. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून २७ मिलिमीटर व्यासाच्या पिझो चकत्या (कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या), शील्ड (आतल्या तारेभोवतीचे धातूचे वेष्टण) असलेली बारीक वायर आणि ६.३५ मिलिमीटरचा जॅक आणावा. चकती स्वस्त असते, म्हणून चार-पाच एकदम घ्याव्यात. वायरीची आतली तार चकतीच्या मधल्या पांढऱ्या भागावर आणि शील्ड पितळी कडेवर जोडायचे असते. डाग देताना सोल्डरिंग गन क्षणभरच टेकवावी, कारण जास्त उष्णतेने पांढरा थर निकामी होतो. जोड झाल्यावर चकतीवर इन्सुलेशन टेप लावावी, वायर ओढली गेली तरी डाग सुटणार नाही अशी पक्की बांधावी, आणि मग जॅकच्या दोन टोकांना हीच जोडणी करावी. रेकॉर्डरला लावताना त्याचे इनपुट किमान १ मेगाओम इतक्या प्रतिबाधेचे (विद्युतसंकेताला होणाऱ्या अडथळ्याचे) असावे. गिटारसाठी असलेले हाय-झेड (जास्त प्रतिबाधेचे) इनपुट चालते. साध्या माईक इनपुटला जोडल्यास खालचे स्वर नाहीसे होतात आणि आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. तशी सोय रेकॉर्डरमध्ये नसेल तर मध्ये छोटा प्रीअँप (संकेत वाढवणारे यंत्र) घालावा.

ठोके पडत असताना माईक भांड्याला लावणे कारागिराला अडचणीचे ठरते. तो भांड्याखालच्या लोखंडी आधाराला चिमट्याने लावावा. नाद पुरेसा येतो आणि कुणाचा हात अडत नाही. हाच माईक पुलाच्या लोखंडी कठड्याला, गच्चीवरच्या टाकीच्या नळाला किंवा पावसात पत्र्याच्या छपराला लावून पाहावा. विजेच्या खांबांना आणि डीपीच्या पेट्यांना मात्र कधीही हात लावू नये, आणि रेल्वेच्या रुळांवर जाऊ नये. तो गुन्हाही आहे. लष्करी हद्दीजवळही, म्हणजे लोहगाव, खडकी, खडकवासला या बाजूंना, यंत्र बाहेर काढू नये.

मुद्रणाच्या सवयी थोडक्यात सांगतो. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट, डब्ल्यूएव्ही एवढे पुरते. या मापाने स्टिरिओ मुद्रणाला तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या जवळ राहील असा गेन (इनपुटची पातळी) ठेवावा. सुरुवातीला तारीख, जागा आणि माईकची दिशा स्वतःच्या आवाजात बोलावी. वाऱ्यासाठी केसाळ विंडशील्ड न्यावे. पावसाळ्यात यंत्रे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, कारण दमटपणाने कंडेन्सर माईक कुरकुरू लागतो. छत्रीखाली मुद्रण करताना छत्रीवर जाड टॉवेल पसरला की थेंबांचा टपटपाट मरतो. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलींना नावे द्यावीत आणि दोन प्रती करून एक दुसऱ्याच्या घरी ठेवावी.

रचनेला बसताना आधी संपूर्ण मुद्रण न थांबवता ऐकावे. आवडलेले तुकडे लगेच कापण्याचा मोह होतो, पण त्यामुळे रचना चमकदार आवाजांचा संग्रह होते आणि त्या जागेची गती हरवते. मी लांब तुकडे ठेवण्याच्या बाजूचा आहे: चार मिनिटे अखंड चाललेले मठारकाम ऐकणाऱ्याला स्वतःहून फरक ओळखायला लावते. मसुदा तयार झाला की तो आळीत नेऊन ऐकवावा. भांडे कुठल्या टप्प्यावर आहे हे तिथे कुणीही कानाने सांगू शकते, आणि आपण क्रम चुकीचा लावला असेल तर तो तिथेच दुरुस्त होतो.

लोकांना ऐकवण्यासाठी लहान, शांत सभागृह शोधावे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या ठिकाणी येणाऱ्या प्रेक्षकाला वेगळे काही ऐकण्याची सवय असते. प्रायोगिक नाटकांचे ध्वनिसंयोजन हे तर पुण्यात शिकण्याचे आणि ओळखी होण्याचे सर्वांत चांगले दार आहे, असे मला वाटते. प्रयोगाच्या दिवशी लवकर जाऊन पंखे आणि एसी बंद करता येतात का ते विचारावे, लॅपटॉप व मिक्सर एकाच प्लगपट्टीवर लावावेत, आणि तरी घरघर आली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधली थेट विद्युतजोडणी तोडणारा) घालावा. उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वापरायचा असल्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते; रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो बंद ठेवावा लागतो आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

कामासाठी विमानाने जायचे झाले, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. घरी केलेली वायरींची यंत्रे तपासणीत संशयास्पद वाटतात, म्हणून ती पारदर्शक डब्यात, नावाची चिठ्ठी लावून न्यावीत आणि ती वापरात असतानाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे.

मानधनाची बोलणी काम सुरू होण्यापूर्वी लेखी व्हावीत, मग बोलावणारा मित्र का असेना. त्या पत्रात रक्कम, प्रवासखर्च, यंत्रांचे भाडे आणि टीडीएस यांचा उल्लेख असावा, शिवाय मूळ मुद्रणे कुणाकडे राहणार, ती दुसऱ्या कामात वापरता येतील का आणि श्रेयनामावलीत कारागिरांची नावे त्यांच्या संमतीने कशी लिहिली जातील, हेही असावे. ज्यांचा वाटा ठरला आहे त्यांना तो आपले पैसे आल्याच्या आठवड्यातच पोहोचवावा.