जमिनीवरचं आणि जमिनीखालचं पाणी एकाच मॉडेलमध्ये: या चुका टाळा

मॉडेल बिघडलं की पहिला हात कॅलिब्रेशनकडे, म्हणजे मोजलेल्या आकड्यांशी जुळेपर्यंत मॉडेलमधली मूल्यं बदलण्याकडे, जातो. तो आवरा आणि आधी पाण्याचा हिशेब पाहा. आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि साठ्यात पडलेला फरक यांचा मेळ १ टक्क्याच्या आत बसत नसेल, तर पुढचे आलेख कितीही देखणे असोत, व्यर्थ. हिशेब प्रत्येक काळटप्प्याचा तपासा. एकूण बेरजेत उलटसुलट चुका एकमेकींना झाकतात.

हिशेबातली ही चूक बहुधा वरच्या कोरड्या मातीत सापडते. रिचर्ड्स समीकरण (अर्धवट ओल्या मातीतून पाणी कसं सरकतं ते सांगणारं) नुसतं दाबाच्या रूपात सोडवलं की पाणी हिशेबातून हरवतं. ओलावा आणि दाब दोन्ही ठेवणारं मिश्र रूप वापरा. शिवाय वरचा थर ५० सेंमी जाड ठेवला, तर पहिल्या सरीचं झिरपणं नीट उमटत नाही. वर २ ते ५ सेंमीचे थर घ्या, खाली जाडी वाढवत न्या.

दुसरी अडचण वेळेची. भूजलाला एक दिवसाचा टप्पा चालतो, वाहत्या पाण्याला नाही. पेशी (मॉडेलच्या जाळ्यातला एक चौकोन) १० मीटरची, पाणी १ मीटर खोल आणि वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर लाट सेकंदाला सुमारे ४.१ मीटर धावते. एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढणाऱ्या) टप्पा २.४ सेकंदांच्या आत हवा. म्हणून वरच्या भागाचे, म्हणजे जमिनीवरच्या पाण्याचे, अनेक छोटे टप्पे चालवा आणि त्यांत झिरपलेल्या पाण्याची बेरीज खाली भूजलाला द्या. शेवटच्या क्षणाचा दर दिवसभराला लावला, की हिशेब हमखास फसतो.

नदी आणि भूजल यांच्यात पाणी किती सहज जातं, ते नदीतळाची वाहकता ठरवते. ती म्हणजे तळाची जलवाहकता (गाळातून पाणी जाऊ देण्याची क्षमता) गुणिले लांबी गुणिले रुंदी, भागिले गाळाची जाडी. ०.१ मी./दिवस, १०० मी., १० मी. आणि ०.५ मी. घेतल्यास २०० चौ.मी./दिवस. सेकंद आणि दिवस मिसळले तर उत्तर ८६,४०० पटींनी चुकतं, आणि ही चूक अनुभवी लोकही करतात. भूजलपातळी गाळाच्या खाली गेल्यावर पातळी आणखी उतरली तरी नदीतून होणारी गळती वाढत नाही. ती मर्यादा घातली नाही, तर मॉडेल नदी उगाच आटवतं.

वरचा भाग झिरपणं स्वतः मोजत असेल, तर पुनर्भरण (पावसाचं भूजलात मुरणारं पाणी) वेगळं देऊ नका; तेच पाणी दोनदा मोजलं जातं.

आता कॅलिब्रेशन. स्थिर अवस्थेत (काळानुसार काही बदलत नसताना), मॉडेलच्या कडांवर पातळी ठरवून दिलेली असताना आणि उपसा नसताना, पुनर्भरण आणि जलवाहकता दोन्ही दुप्पट केल्या तरी विहिरींतल्या पातळ्या तशाच राहतात. नुसत्या पातळ्या जुळवून खरी जोडी सापडणार नाही. कोरड्या दिवसांत नदीचा मोजलेला प्रवाहही सोबत जुळवावा लागतो.