जत्रेच्या नाटकात दुसऱ्याची पात्रं घेताय? आधी कागद घ्या

जत्रा जवळ आली की गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात कोणीतरी म्हणतंच, तेच तेच नाटक किती वर्षं करायचं, त्यातल्या धाकट्या सुनेचं पुढे काय झालं ते आपणच लिहूया की. मीपण लिहिलं. दोन महिने तालमी झाल्या, पडदे रंगवून आले, बाहेरगावी नोकरीला असलेल्या पोरांनी रजा टाकल्या आणि जत्रेला आठ दिवस असताना नाटककाराच्या मुलीचा फोन आला, सगळं तिथेच थांबलं. म्हणून परवानगीचा कागद कसा घ्यायचा त्याची ही यादी. नेटवर आवडत्या कादंबरीतली पात्रं घेऊन फॅन फिक्शन लिहिणाऱ्यांनीपण वाचा, कायदा दोघांना एकच आहे, १९५७ चा कॉपीराइट कायदा.

आधी बघा लेखक हयात आहे का, नसेल तर कुठल्या साली गेला. गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. खाडिलकर १९४८ ला गेले, २००८ संपलं आणि त्यांची नाटकं मोकळी झाली, देवल-गडकरी तर त्याच्या कितीतरी आधी. अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबायचं. नाटक जुनं आहे, आजोबांनी केलेलं, हे कारण चालत नाही, नाटकाचं वय मोजू नका, लेखक गेल्याचं साल मोजा. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर जो मागून गेला त्याचं साल धरा.

मग हक्क कोणाकडे ते. नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीच्या एका पानावर बारीक टायपात लिहिलेलं असतं, प्रयोगासाठी परवानगी कोणाची लागेल ते. आपण ते पान उलटून थेट पहिल्या प्रवेशावर जातो. प्रकाशकाकडे बहुतेक वेळा फक्त छापायचे हक्क असतात, त्यामुळे त्यांनी हो म्हटलं म्हणून भागत नाही. वारस तीन असतील तर तिघांनाही विचारा.

आता खरा मुद्दा. मी परवानगी मागितली नव्हती असं नाही, फोन केला होता. म्हटलं, बाई, आमच्या देवळाच्या जत्रेत तुमच्या बाबांचं नाटक करतोय, चालेल ना? त्या म्हणाल्या, करा हो, बाबांना आनंदच झाला असता. मी ‘नाटक’ म्हणालो, ‘पुढचा भाग’ म्हणालोच नाही, कारण माझ्या डोक्यात ते एकच होतं. त्यांना पत्रिका मिळाली तेव्हा कळलं की त्यांच्या बाबांची नायिका आमच्या नाटकात घर सोडून जाते आणि वर नाव बाबांचं. त्यांना जे वाटलं ते मला आज पूर्ण पटतं. कागद असता तर हा गैरसमज पहिल्याच दिवशी सुटला असता. कागद घ्या.

आणि आमच्याकडे सगळे जे सांगतात ना, देवळाचं नाटक आहे, तिकीट नाही, कायदा लागत नाही, ते अर्धंच खरं आहे. कलम ५२ मध्ये सूट आहे, हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेसाठी प्रयोग केला तर तो भंग धरत नाहीत. पण ती सूट प्रयोगाला आहे, आहे तसं नाटक उभं करायला. त्यातली माणसं उचलून नवीन संहिता लिहायला नाही. रूपांतराचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा (मराठी नाटक कोंकणीत करणाऱ्यांनो, हे तुम्हालापण), प्रयोगाचा वेगळा. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. मी प्रयोगाची घेतली आणि रूपांतराची घेतली असं समजून बसलो.

‘मी फक्त कल्पना घेतली’ असं म्हणायचं असेल तर तेवढीच घेतलीय का ते प्रामाणिकपणे तपासा. नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट सांगितलंय. सासू-सुनेचं भांडण कोणीही लिहावं. पण तेच नाव, तीच लकब, तोच भूतकाळ घेतलात की गोष्ट बदलते. चुलबुल पांडेच्या खटल्यात २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने वेगळेपण असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं, आणि गोव्याला हायकोर्ट तेच. खाली ‘सर्व हक्क मूळ लेखकाचे’ लिहून, पैसे घेत नाही सांगून सुटका होत नाही. अमेरिकेतलं फेअर यूज (परवानगीशिवाय थोडाफार वापर करायची तिथली मोकळीक) इथे लावू नका, आपल्याकडे खाजगी वापर, समीक्षा, बातमी अशी ठरलेली कारणं आहेत.

कागदात काय लिहायचं: कुठलं नाटक, कुठली पात्रं, पुढची गोष्ट थोडक्यात (शेवटासकट, शेवट लपवू नका), भाषा, किती प्रयोग, कुठे, किती वर्षं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. जत्रेचं नाटक मग कला अकादमीच्या स्पर्धेला न्यायचा विचार असेल तर तेपण आत्ताच लिहा, तिथे देवळाचं कारण सांगता येणार नाही. फोनवर हो, व्हॉट्सॲपवर अंगठा, लग्नात भेटल्यावर ‘करा करा’, ह्यातलं काहीही धरू नका. परवाना लेखी लागतो असं कायद्यातच आहे. सही असलेला कागद, आणि त्यात ‘पुढचा भाग’ हे शब्द.

कागद हातात येईपर्यंत वाचन करू नका. एकदा पात्रं वाटली की थांबता येत नाही, माणसं जीव लावतात, आमच्या नायिकेने तर सगळी भाषणं पाठ केली होती, तिला सांगताना मला काय झालं ते माझं मला माहीत.

बाकी पटापट. पत्रिकेवर मूळ लेखकाचं नाव आणि ‘ह्यावर आधारित’, तुमचं नाव वेगळं. गाण्यांचे हक्क वेगळे, विचारा. व्हिडिओ यूट्यूबवर जाणार असेल तर त्याची वेगळी ओळ कागदात, देवळाची सूट मांडवापुरती. भंग सिद्ध झाला तर शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षं, दंड ५० हजार ते दोन लाख, कमिटीला हे वाचून दाखवा.

ह्या वर्षी बाईंना संहिता शेवटच्या पानासकट पाठवलीय. त्यांनी दोन प्रवेश बदलायला सांगितले, बदलले. पत्र पोस्टाने यायचंय. पात्रं अजून वाटलेली नाहीत.