नाताळच्या सुट्टीत स्लो कुकरमधली शेंगदाणा-बेदाणा चॉकलेटं

स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घरात असेल तर मुलांच्या सुट्टीत चॉकलेटसाठी गॅससमोर उभं राहायची गरज नाही. अर्धा किलो भाजून सोललेले शेंगदाणे तळाशी पसरा, त्यावर ४०० ग्रॅम डार्क कंपाउंडचे, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तूप घातलेल्या चॉकलेटचे, तुकडे. कंपाउंडच घ्या, खऱ्या कोको बटरच्या चॉकलेटला टेंपरिंग, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून-निववून घेणं, लागतं, नाहीतर वर पांढुरके डाग येतात. कुकर 'लो'वरच ठेवा, 'हाय'ला चॉकलेट तळाला करपतं.

खरी गोम झाकणात आहे. झाकणाला आतून वाफ धरते आणि तिचे चार थेंब पडले तरी चॉकलेट आवळून रव्यासारखं होतं. पहिल्या वेळी माझा अख्खा घाणा असाच गेला. आता झाकणाखाली कोरडा सुती पंचा ताणून लावते आणि त्याची टोकं वर गाठ मारून ठेवते, म्हणजे लोंबत नाहीत. चमचाही खडखडीत कोरडा हवा.

पाऊण तासाने हलवा, मग दर पंधरा मिनिटांनी. साधारण सव्वा तासात सगळं एकजीव होतं. कुकर बंद करून मूठभर बेदाणे घाला. आपल्या नाशकात ते चांगले मिळतात, पण धुतलेले असतील तर पूर्ण सुकवूनच. चिमूटभर मीठ विसरू नका, त्याशिवाय चव मिळमिळीत लागते.

बटर पेपरवर चमच्याने ढीग टाका. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत ओट्यावरच तासा-दोन तासांत घट्ट होतात. फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर घाम सुटतो.