हिस्टरी पुसल्यावरही मागे उरलेल्या फायली कशा काढाव्यात

कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं, डिलीटच्या बटणावर क्लिक केलं, की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. ब्राउझरच्या आतलं काम तेवढ्यात होतंही. पण उघडलेल्या साइट्सच्या खुणा विंडोजमध्ये ब्राउझरबाहेरही पडून राहतात. कॉम्प्युटर घरात सगळेच वापरत असतील, दुरुस्तीला द्यायचा असेल किंवा पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नेऊन विकायचा असेल, तर त्या जागा माहीत हव्यात. इथली माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी एक अपवाद. ऑनलाइन फसवणूक झाली असेल आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत तक्रार केली असेल, करायची असेल, तर यातलं काहीही करू नका. कुठल्या लिंकवरून कुठे गेलात, कधी गेलात हे त्या हिस्टरीतच असतं.

ब्राउझरपासून सुरुवात

क्रोममध्ये गूगल अकाउंटनं साइन-इन असाल आणि सिंक चालू असेल, तर इथे पुसलेली हिस्टरी मोबाइलवरूनही जाते. फक्त या कॉम्प्युटरवरून घालवायची असेल तर आधी साइन-आउट करा. उलट, अकाउंटवरचंही काढायचं असेल तर गूगलच्या ‘माय ॲक्टिव्हिटी’ पानावर जाऊन ते वेगळं पुसावं लागतं. ब्राउझर साफ केला म्हणून ते पान आपोआप रिकामं होत नाही.

पुसताना मुदत ‘ऑल टाइम’ निवडा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात: मुदत आधीपासून थोड्या वेळाची निवडलेली असते, आणि मग कालची हिस्टरी तशीच का दिसते म्हणून डोकं खाजवत बसतात. हिस्टरी, कुकीज (लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फायली) आणि साइट डेटा, कॅश (पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या प्रती) या तिन्हींवर खूण करा. पासवर्डच्या चौकटीवर मात्र विचार करूनच करा, कारण सिंक चालू असताना ते अकाउंटमधूनही उडतात. कुकीज गेल्या की बहुतेक साइट्सवरून लॉग-आउट होतं, व्हॉट्सॲप वेबचा क्यूआर पुन्हा स्कॅन करावा लागतो. तेव्हा ओटीपी येणारा मोबाइल हाताशी असू द्या.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक केलं की किती प्रोफाइल आहेत ते दिसतं. प्रत्येक प्रोफाइलची हिस्टरी स्वतंत्र असते. आईच्या प्रोफाइलमधली पुसली म्हणून मुलाच्या प्रोफाइलमधली जात नाही. एज ब्राउझर आपण वापरत नाही असं वाटत असलं, तरी तो एकदा उघडून तिथेही हेच करा. विंडोजच्या शोध-चौकटीतून उघडलेल्या लिंक्स सहसा त्यातच जातात.

लपलेला फोल्डर

आता ब्राउझर बंद करा. खिडकी बंद झाली म्हणजे तो बंद झालाच असं नाही. क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवण्याची सोय असते, एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ असतो. फाइल काढायला गेलं की ‘दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असं विंडोज म्हणतं ते यामुळेच. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच्या नावावर ‘एंड टास्क’ करा.

मग विंडोज-आर दाबा. चौकटीत टक्क्याचं चिन्ह, लोकलॲपडेटा हा शब्द इंग्रजी अक्षरांत, आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता टाइप करा. जो फोल्डर उघडेल त्यात गूगल, मग क्रोम, मग यूजर डेटा, मग डिफॉल्ट. दुसरी प्रोफाइल असतील तर ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ असे फोल्डर शेजारीच दिसतात. एजसाठी मायक्रोसॉफ्ट, एज, यूजर डेटा असं जायचं.

इथल्या हिस्टरी, टॉप साइट्स, व्हिजिटेड लिंक्स, फॅव्हिकॉन्स या फायली आणि कॅश, कोड कॅश, सेशन्स हे फोल्डर काढले तरी चालतं. ब्राउझर पुढच्या वेळी ते कोरे तयार करतो. बुकमार्क्स आणि लॉगिन डेटा या फायलींना हात लावू नका. आणि एक पायरी वर, यूजर डेटामध्ये, लोकल स्टेट नावाची फाइल आहे. साठवलेल्या पासवर्डची किल्ली तिच्यात असते. ती काढली तर पासवर्डची फाइल जागेवर राहूनही ब्राउझरला ती वाचता येत नाही.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी. तिथे हिस्टरी आणि बुकमार्क दोन्ही ‘प्लेसेस’ नावाच्या एकाच डेटाबेस फाइलमध्ये असतात, त्यामुळे हिस्टरीच्या नादात ती उडवली की बुकमार्कही गेले. फायरफॉक्समध्ये फायली हातानं काढू नयेत, आतूनच पुसावं.

विंडोजच्या जागा

इंटरनेट एक्सप्लोरर हा आपला जुना ब्राउझर मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये निवृत्त केला, पण त्याची वेबकॅश ही डेटाबेस फाइल विंडोजमध्ये आहेच. ती सतत वापरात असल्यानं थेट पुसता येत नाही. कंट्रोल पॅनेलमधून इंटरनेट ऑप्शन्स उघडा, ‘जनरल’मध्ये ब्राउझिंग हिस्टरीखालचं डिलीट दाबा. त्यात ‘प्रिझर्व्ह फेव्हरिट्स’ची खूण आधीपासून असते; ती काढली नाही तर फेव्हरिट साइट्सचा डेटा मागेच राहतो.

इनकॉग्निटोमध्ये उघडलेल्या साइटचं नावही विंडोजच्या डीएनएस कॅशमध्ये, म्हणजे साइटची नावं आणि त्यांचे पत्ते यांच्या तात्पुरत्या यादीत, राहू शकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा, स्लॅश, ‘फ्लशडीएनएस’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. रीस्टार्टनंही ती कॅश रिकामी होते, तेव्हा याची फार धास्ती नको.

डाउनलोड केलेली फाइल हा खरा चुगलखोर. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य शेपूट जोडतं, आणि ती कुठल्या पत्त्यावरून आली हेही बऱ्याचदा त्यात असतं. हिस्टरी पुसा नाहीतर ब्राउझर काढून टाका, शेपूट जात नाही. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ दिसलं तर खूण करून ओके. फाइलचा उगम खात्रीचा असेल तरच हे करा, कारण धोक्याची सूचनाही त्यामुळे बंद होते. नको असलेली फाइल सरळ शिफ्ट-डिलीटनं काढा, म्हणजे रीसायकल बिनमध्ये पडून राहणार नाही. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये, प्रायव्हसीखालच्या ‘क्लिअर’नं जाते.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथूनही साफसफाई होते. मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हा फोल्डरही असतो. त्यावर खूण झाली की आधारची पीडीएफ, लाइट बिलं, सगळं साफ.

परत मिळू नये म्हणून

सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर जुन्या फायलींच्या प्रती रिस्टोअर पॉइंटमध्ये असू शकतात. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये कॉन्फिगर, मग डिलीट. त्यानंतर मागच्या स्थितीला परतता येत नाही, म्हणून मशीन नीट चालतंय हे आधी पाहा.

साधी हार्ड डिस्क असेल तर पुसलेली फाइल नवीन काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरनं परत काढता येते. रिकामी जागा भरून टाकायला ‘सायफर’ ही कमांड विंडोजमध्येच आहे: सायफर, एक जागा, स्लॅश, डब्ल्यू, कोलन, सी, कोलन. ती तीन फेऱ्या मारते, आणि मोठ्या डिस्कवर तासन्‌तास चालते. यूपीएस नसेल तर गुरुवार सोडून दुसरा दिवस धरा. पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा तोच वार. एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कवर) ही कमांड चालवू नका. तिथे विंडोजची ‘ट्रिम’ ही सोय पुसलेली जागा स्वतःच मोकळी करते, सायफरनं नुसती झीज होते.

कॉम्प्युटर विकायचाच असेल तर वरची बहुतेक मेहनत वाया आहे. कामाच्या फायली दुसरीकडे घ्या, ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा, ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करा आणि मशीनला त्याचं काम करू द्या. फुकटात मिळणारे क्लीनर आणि रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर यातल्या कुठल्याच कामाला लागत नाहीत.